खाडीला दिलेल्या थाळ्या

भात पिवळं पडायला लागलं की माझे हात मातीत जायला कुरकुरतात. एरवी वर्षभर मी चाकावर बसते, माती मळते, थापते, भट्टी लावते. पण नवरात्राच्या आसपास आमच्या जूचंद्र गावाच्या मागच्या बाजूला उरलेल्या थोड्याशा शेतांवरून तो कोरडा, किंचित गोडसर वास यायला लागतो आणि हातातला गोळा आपोआप खाली ठेवला जातो. खिडकीतून बाहेर बघत बसते. समोर नव्या इमारतींची रांग आहे, बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत असतात आणि दोन इमारतींच्या फटीत एका शेताचा पिवळा तुकडा दिसतो. तेवढा तुकडा पुरतो.

लोक विचारतात, तुम्ही या कलेकडे कशा वळलात? मी म्हणते, आमच्याकडे खाडी आहे, मिठागरं होती, आणि आमचं गाव रांगोळीचं. निसर्ग आणि परंपरा, असं म्हटलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. खोटं नाहीच ते. फक्त त्यात वनिता नसते.

वनिता माझी मोठी बहीण. आमच्या गावात घराघरांत रांगोळीचा हात आहे, दिवाळीत लांबून माणसं ती बघायला येतात; पण वनीच्या चिमटीतून जी रेघ पडायची ती वेगळीच. तिचा अंगठा आणि बोट एकमेकांवर इतके हलके घासायचे की पांढरी पूड पडतेय हे कळायचंही नाही, रेघ जमिनीतून वर आल्यासारखी वाटायची. काढताना ती श्वास धरून ठेवायची. लांबलचक वळण पुरं झालं की सुस्कारा टाकायची, आणि मग आजूबाजूला उभे असलेले आम्हीही श्वास सोडायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रांगोळी ती स्वतः झाडून काढायची. दुसऱ्या कुणाला झाडू लावू द्यायची नाही.

माझा हात रांगोळीत कधी चाललाच नाही. पूड गठ्ठ्यानं पडायची. मला ओलं काहीतरी लागायचं. बाबा मिठागरावर कामाला होते, त्यांच्याबरोबर गेले की मी खाडीच्या कडेचा काळा चिखल उकरून बसायची. घरी आले की आई नखं बघून आरडाओरडा करायची. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मुंबईच्या कला महाविद्यालयात मातीकाम शिकवतात असं सांगितलं, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नाही. कुंभारकाम शिकायला मुंबईला कसाला जायचं, असं आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याच घरात. तिचा शब्द बाबांना मोडवत नसे. तेव्हा वनी चुलीपाशी बसली होती. भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "माझी रांगोली सकाली झाडून टाकावी लागते. हिला टिकनारं कायतरी शिकू दे."

मी गेले ती त्या एका वाक्यावर.

पुढे वनीचं लग्न झालं, भिवंडीकडच्या एका गावात. माणसं चांगली होती. पण तिथे रांगोळीचं कुणाला काही नव्हतं. सणाला उंबऱ्यापाशी दोन बोटं ओढली की झालं.

ते नव्वदच्या दशकातले शेवटचे दिवस. मी शेवटच्या वर्षाला होते आणि माझं काम वाईट चाललं होतं. फुलदाण्या करायची आणि त्यांवर पुस्तकात बघून विलायती फुलं काढायची. हातात सफाई आली होती, पण भट्टीतून निघालेली वस्तू बघून मलाच काही वाटायचं नाही. आमच्या मॅडम कमी बोलायच्या. त्यांनी एकदा माझी फुलदाणी उचलून फिरवून बघितली आणि विचारलं, "हे फूल कुठे पाहिलंस?"

"पुस्तकात."

"मग टेबलावर पुस्तकच ठेवू या की."

वर्गात हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. निघताना त्यांनी मला मातीची एक पिशवी आणि पांढऱ्या चिनी मातीची पूड दिली. "घरी जातेयस ना? तुझ्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच कर. नाही काही दिसलं तर माती परत आण."

घरी आले तर वनी पडवीत खुर्चीवर बसलेली. पहिलं बाळंतपण, माहेरी आली होती. पाय सुजलेले, पोट एवढं पुढे आलेलं की खाली बसणं जमेना. पाऊस सरत आला होता पण ओल गेली नव्हती. भिंतींना पाणी चढलेलं, विहिरीचं पाणी गढूळ. शेतात भाताच्या लोंब्या बाहेर पडून वाकायला लागल्या होत्या. डोंगरावरच्या देवीच्या अंगणात नवरात्राची रांगोळी घालायला मुली निघाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वनी त्यांच्यात नव्हती. त्या रस्त्यानं जाताना हाका मारत गेल्या. तिनं हसून हात हलवला आणि मग कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसली.

मी पडवीतच माती मळायला घेतली. गोळा करून दोन्ही हातांनी थापत थापत थाळी मोठी करत होते. आई सूप घेऊन बाहेर आली, म्हणाली, "भाकरी थापतेस का माती?"

"भाकरीच समज."

"मग कड फाटली बग. भाकरी असती तर टाकून दिली असती मी."

वनी हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण आई थबकून तिच्याकडे बघत राहिली. मग वनीनं पांढऱ्या पुडीची पिशवी मागून घेतली. चिमटीत धरून चोळून बघितली. "आपल्या रांगोलीपेक्षा मऊ हाय गो. पिठागत." मी ओलसर थाळी स्टुलावर ठेवली, ते तिच्या खुर्चीपाशी ओढलं. ती जराशी तिरकी झाली, पोट एका बाजूला सांभाळलं आणि श्वास धरला.

थाळीच्या कडेनं एक रेघ आली. काळपट मातीवर पांढरी, केसासारखी. ओली माती पूड धरून ठेवत होती. वनीनं सुस्कारा सोडला आणि सवयीनं जास्तीची पूड उडवायला फुंकर मारली. रेघ होती तिथेच राहिली.

"गेली नाय," ती म्हणाली.

"जाणार नाही. ओली आहे ना."

"आनि सुकल्यावर?"

"सुकल्यावर भट्टीत भाजायची. मग तर कधीच जात नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतेय की काय ते तपासत असल्यासारखं. "पुसलीच जानार नाय? कोनी पानी टाकला तरी?"

"नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी थाळ्या करायच्या आणि थोड्या सुकून आवळल्या की तिच्यापुढे ठेवायच्या, असं आपोआप सुरू झालं. मला वाटलं होतं ती मोर काढेल, कलश काढेल, देवीचे डोळे काढेल. तिनं खेकडा काढला. ओहोटीला चिखलावर खेकडे बारीक गोळ्यांची नक्षी टाकतात ती काढली, ठिपका ठिपका, बिळाभोवती किरणांसारखी. वाकलेली ओंबी काढली. एका पायावर उभा बगळा. बाबांचं मीठ ओढायचं लाकडी फळकं.

"मोर नाही काढणार?" मी विचारलं.

"मोर कुठं बगितलाय मी? लोकांनी काढलेलं बगून काढायची. हे सगला बगितलाय."

मॅडम तिला कधी भेटल्या नव्हत्या. मी हातातली माती तशीच धरून उभी राहिले. शेवटच्या वर्षापर्यंत जे मला कुणी सांगून समजत नव्हतं ते पडवीतल्या खुर्चीवर, सुजलेले पाय बादलीत सोडून, माझी बहीण करत होती. मला हेवा वाटला नाही. उलट अंगात काहीतरी मोकळं झालं. त्या दिवशी पहिल्यांदा मी शेतात जाऊन भाताची लोंबी हातात घेऊन नीट बघितली. तिच्यावर लव असते. आयुष्य त्या गावात गेलं होतं आणि मला ते माहीत नव्हतं.

थाळ्या पडवीच्या आतल्या कोपऱ्यात सावलीत सुकत होत्या. हळू सुकल्या नाहीत तर वाकतात, म्हणून मी त्यांच्यावर ओलं फडकं टाकायची. बाहेर मुली गरब्याची गाणी म्हणत जायच्या, दूर लाउडस्पीकर वाजत असायचा. वनी म्हणायची, बाळ झालं की यातल्या पहिल्या थाळीत मी त्याला उष्टावीन. ते दिवस सुखाचे होते असं आता म्हणवत नाही. पण तेव्हा सुखाचेच होते.

पिवळं मी आधी बघितलं ते तिच्या बोटांवर. पांढऱ्या पुडीत बुडवलेली बोटं वर आली तेव्हा नखं हळदीची वाटली. मी म्हटलं, "हळद लावलीस का?" ती म्हणाली, "नाय." मी आईला हाक मारली. आईनं तिला अंगणात उजेडात नेलं, खालची पापणी ओढून बघितली, आणि आईचा चेहरा उतरला.

गावात त्या दिवसांत आणखीही घरांत कावीळ होती. पाणी वाईट होतं, उकळून प्यायचं असं सगळे म्हणत होते आणि सगळे न उकळता तसंच पीत होते. काविळीवर झाडपाला देणारा माणूस पलीकडच्या गावात होता. आत्या वनीला रिक्षातून त्याच्याकडे घेऊन गेली. आमच्या घरातली कितीतरी माणसं त्याच्या औषधानं बरी झाली होती, त्यामुळे तसं करण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण वनीच्या अंगाला खाज सुटली, ओकाऱ्या थांबेनात. मग वसईतले डॉक्टर, आणि त्यांनी बघताक्षणी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बाबांना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट. आम्ही करतोय ते सगळं करतोय."

बाबांनी फक्त मान हलवली. मिठागरावर त्यांनी आयुष्यभर आभाळाकडे बघून कामं केली होती. त्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे ते तसेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी वनी कुणाला ओळखेना. मला तिनं आई म्हणून हाक मारली. भावजी, म्हणजे तिचा नवरा, पायथ्याशी उभे होते. त्यांना म्हणाली, कापनी आली, इथं काय करता. मग बोलणंही थांबलं. फक्त तिचा उजवा हात चादरीवर हलत राहिला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, हलके, आणि हात पुढे पुढे सरकत होता. नर्सनं तो धरून बाजूला ठेवला. सोडल्याबरोबर तो पुन्हा सुरू. मी बघत होते कुठलं वळण आहे ते. ओळखू येईना. तिनं श्वास धरला की मीही धरायची, आणि तिनं सोडेपर्यंत सोडायची नाही.

भर दुपारी, बाहेर चहावाल्याची भांडी वाजत असताना, ती गेली. बाळही गेलं. मुलगी होती.

आम्ही तिला घरी आणलं तेव्हा दसऱ्याची तोरणं अजून दारांवर होती. आमच्या दारावरचं कुणीतरी काढून टाकलं होतं. झेंडूच्या दोन पाकळ्या उंबऱ्यात चिकटून राहिल्या होत्या, पायांनी तुडवल्या जात होत्या.

घरात कुजबुज सुरू झाली ती मला आधी समजली नाही. पोटुशी बाई गेली की तिचा जीव अडकतो, ती घराभोवती फिरते, असं जुन्या बायका मानत. आत्या दार लावून बाबांशी बोलली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते, आणि तशाच डोळ्यांनी तिनं मला सांगितलं, "तिच्या हातचं अर्धं ऱ्हायलेलं घरात ठेवू नको बाय. ती परत परत येल. तिला सुटू दे."

"कुठलं अर्धं राहिलेलं?"

तिनं कोपऱ्यातल्या थाळ्यांकडे बोट केलं.

मी ओरडले. आठवतं ते सगळं मोडकं आहे, पण ओरडले हे नक्की. म्हटलं, भाजायच्या आहेत, कॉलेजात भट्टी आहे, मी घेऊन जाते, घरात ठेवणार नाही, तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत. आईकडे बघितलं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. शेवटी मी बाबांना म्हटलं, "एक ठेवा. एकच."

बाबा माझ्यापुढे उकिडवे बसले. ते आत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत होते की नाही हे मला आजही माहीत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिला ऱ्हायला जागा नाय मिलाली गो पोरी. थालीला देऊन काय करू?"

अस्थी घेऊन आम्ही खाडीवर गेलो. भावजी काठावरच बसून राहिले, त्यांच्यानं पाण्यात उतरवेना. बाबा गुडघाभर पाण्यात उभे. आधी अस्थी दिल्या. मग टोपलीतून एकेक थाळी उचलली. मला वाटलं होतं ते फेकतील. त्यांनी फेकल्या नाहीत. निजलेलं मूल खाली ठेवावं तशी एकेक थाळी दोन्ही हातांनी पाण्याखाली नेऊन सोडली. कच्ची सुकी माती पाण्यात गेली की आधी बुडबुडे काढते, सुसकारते. मग पांढऱ्या रेघा सुटल्या. पाण्यावर दुधासारखं काहीतरी पसरलं, ओहोटीच्या ओढीनं लांबट झालं, आणि दिसेनासं झालं. खेकडा, बगळा, ओंबी. मी शेवटपर्यंत बघितलं. कुणीतरी बघायला हवं होतं.

भात कुणासाठी थांबत नाही. आमचं सुतक होतं, पण दाणे गळायला लागले होते; भावकीतल्या बायका आल्या आणि न बोलता आमचं शेत कापून गेल्या. कापणीला एरवी गाणी असतात. त्या दिवशी फक्त विळ्यांचा आवाज येत होता. तो कोरडा, गोडसर वास घरात शिरला, वनीच्या खुर्चीपर्यंत आला.

कॉलेजला परत जाण्याआधी मी ओहोटीला खाडीवर गेले. थाळ्यांचा काही मागमूस नव्हता, नसणारच. चिखलावर खेकड्यांनी नवी नक्षी टाकली होती. बाबा जिथे उभे होते त्या अंदाजानं मी पिशवी भरून चिखल घेतला. का घेतला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

केस विस्कटलेले, हातात काळ्या चिखलाची पिशवी, एवढं पाहून मॅडमनी खुर्ची पुढे केली. मी त्या चिखलाची वाटी केली आणि इतरांच्या कामाबरोबर भट्टीत ठेवली. खाडीच्या चिखलात मीठ, लोखंड, काय काय असतं. तो मोठ्या आचेला टिकत नाही. वाटी वितळली. खाली ओघळून काळ्या काचेसारखी भट्टीतल्या फळीला चिकटली, शेजारच्या मुलाचं काम खराब झालं. तो चिडला, बरोबरच होतं. मॅडमनी छिन्नीनं तो काळा थर खरवडला, तुकडा उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "याचं भांडं होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण भांड्यावर लेप होईल. पातळ कर."

माझं सगळं काम त्या वाक्यातून निघालं. खाडीच्या चिखलाचा लेप पातळ करून चढवला की भट्टीत तो गडद तपकिरी होतो, ओल्या दगडासारखा. त्यात मी ओंब्या दाबल्या, खारफुटीची पानं दाबली, जाळ्याच्या दोऱ्याचे ठसे घेतले. पुढे शहरातल्या दालनांत त्या भांड्यांना जागा मिळाली, नाव झालं. पांढरी रेघ मात्र जमली नाही. वर्षानुवर्षं चिनी मातीची पूड चिमटीत घेऊन बसायची. रेघ पडायची, लोक वा म्हणायचे. मी पुसून टाकायची. वनीची रेघ माझ्या हातात नव्हती, आणि उसनी आणली की मेलेली दिसायची. शेवटी ती पुडीची पिशवी मी एका शिकणाऱ्या बाईला देऊन टाकली.

दरम्यान मिठागरं बंद पडली, भराव आले. बाबा गेले, पाठोपाठ आत्या. भावजींनी दुसरं लग्न केलं, ते सांगायला स्वतः आले होते, आणि आईनं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. घरात मी आणि आई उरलो. जुन्या पडवीला भिंती घालून मी तिथे भट्टी बसवली. आई त्या बाजूला फिरकायची नाही. माझं एकही भांडं तिनं कधी हातात धरलं नाही. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "हां, शिकली हाय ती," आणि विषय बदलायची. मीही कधी पुढे केलं नाही.

मागच्या वर्षी कापणीच्या दिवसांत एका ऑर्डरसाठी मला भट्टी लावावीच लागली. संध्याकाळ होत आली होती, भट्टी पुरती निवायच्या आतच मी हातमोजे घालून भांडी काढत होते. आई त्या उरलेल्या शेतावरून आली. हल्ली तिच्यानं काम होत नाही, नुसती बांधावर बसून येते. नेहमीसारखी पुढच्या दारानं न जाता ती इकडे आली आणि उंबऱ्यावर बसली. पदराला भाताचे तूस चिकटले होते. दम लागला होता. मी पाणी आणायला उठले तर तिनं हातानंच नको म्हटलं.

तिच्याजवळ एक खोलगट वाडगा होता, जरा वेळापूर्वी काढलेला, हात लावण्याइतका गरम. तिनं तो बघितला. मग पदराचं टोक हाताशी घेऊन उचलला आणि मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं दोन्ही हातांत घेऊन छातीशी धरला. डोळे मिटले.

"गरम हाय," ती म्हणाली.

भट्टीतली भांडी निवताना बारीक टिण् टिण् आवाज करतात, लेप आवळत जातो त्याचा. तेवढा आवाज येत होता. आई वाडगा धरून किंचित पुढेमागे हलत होती. बाहेर उजेड कमी झाला, समोरच्या इमारतींत दिवे लागले, कुणाच्या तरी घरी टीव्ही सुरू झाला. ती तशीच बसली होती.

मग तिनं डोळे उघडले. वाडग्याच्या तळाशी, मग कडेला, मग आत हात फिरवून बघितला.

"निवलं गो," ती म्हणाली. वाडगा माझ्या हातात दिला, उंबऱ्याला धरून उठली, आणि चूल पेटवायला आत गेली.